पत्र्याखालचा माळा आणि रात्री तापणारा स्लॅब: आधी काय करावे?

प्रश्न: आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. मागच्या दोन जुन्या खोल्यांवर पूर्वी माळवद (मातीचे सपाट छत) होते. किल्लारीच्या भूकंपानंतर सासऱ्यांनी ते उतरवले आणि दोन पाखी पत्रा घातला. पत्र्याखाली लाकडी फळ्यांचा माळा असून त्यावर जुनी भांडी, ट्रंका, गाद्या आणि चादरींचे गठ्ठे ठेवले आहेत. पुढच्या बाजूला अलीकडे स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. उन्हाळ्यात दुपारी मागच्या खोल्यांत आणि रात्री पुढच्या खोल्यांत बसवत नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांचे फार हाल होतात. कूलर चालवावा तर नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते. एका विक्रेत्याने पत्र्याखाली चकचकीत फॉइल लावायला सांगितले, दुसऱ्याने थर्माकोल भरून पीओपीचे छत करायला सांगितले, तिसऱ्याने पांढरा रंग सुचवला. थोरले दीर म्हणतात की माळ्यावर पुन्हा पांढऱ्या मातीचा थर द्यावा. सगळे एकदम करण्याची आमची ऐपत नाही. आधी काय करावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपण घराचे वर्णन इतके नेमके केले आहे की सल्ला देणे सोपे झाले. उत्तराचा गाभा आधीच सांगतो. या उन्हाळ्यापूर्वी पत्रा आणि स्लॅब दोन्ही बाहेरून पांढरे करावेत आणि माळ्यातली तापलेली हवा बाहेर जाण्यासाठी वाट काढावी. त्यानंतर माळ्याच्या फळ्यांवर रॉकवूलचा (दगडी तंतूंच्या लोकरीचा) सलग थर द्यावा. स्लॅबवरचे उष्णतारोधक काम खर्चाचे असल्याने ते पुढच्या वर्षी केले तरी चालेल. फॉइल आणि पीओपी यांचा विचार या सगळ्यानंतर करावा, आणि मातीचा थर मात्र माळ्यावर मुळीच देऊ नये. हा क्रम का, हे समजून घेतले तर विक्रेत्यांशी बोलताना आपला आपल्याला निर्णय करता येईल, म्हणून पुढचे जरा विस्ताराने लिहीत आहे.

आपल्या पत्रातले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले: दुपारी मागे बसवत नाही आणि रात्री पुढे बसवत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. पत्रा अगदी पातळ असतो, त्याच्यात उष्णता साठवून ठेवण्याची ताकद जवळजवळ नसते. ऊन आले की तो काही मिनिटांत तापतो आणि ऊन उतरले की तितक्याच लवकर निवतो. स्लॅबचे उलट आहे. पाच-सहा इंच जाडीच्या काँक्रीटमधून वरची उष्णता खालच्या बाजूपर्यंत पोहोचायला साधारण चार तास लागतात, त्यामुळे दुपारी दोनचे ऊन आपल्याला संध्याकाळी सहा-सातला जाणवते, आणि दिवसभर काँक्रीटमध्ये साठलेली उष्णता मध्यरात्र उलटून गेली तरी खाली उतरत राहते. पंखा लावला की तो छताजवळची तीच कढत हवा अंगावर आणतो. म्हणून पत्र्याच्या खोलीला दुपारची झळ अडवणारा उपाय हवा आणि स्लॅबला दिवसभर ऊन साठूच न देणारा उपाय हवा.

दोन्ही ठिकाणी उष्णता येते ती मुख्यतः वरूनच. सोलापूर साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत उभ्या भिंतींवर दुपारचे ऊन तिरपे आणि थोडेच पडते, छतावर मात्र ते सरळ कोसळते. निरभ्र दुपारी दर चौरस मीटर छतावर ९०० ते १००० वॅट इतकी सौरऊर्जा येते. आपल्या मागच्या दोन खोल्यांचे छत तीनशे चौरस फूट धरले, तर त्यावर सुमारे २५ किलोवॅट ऊर्जा पडते. दोन किलोवॅटचे बारा गीझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे ते आहे. ही उष्णता एकदा खोलीत शिरली की तिला बाहेर काढायला कूलर, पाणी आणि वीज लागते, पण ती छतावरच परतवली तर यातले काहीच लागत नाही. पाणी मोजून वापरावे लागणाऱ्या आपल्या शहरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. याच कारणाने पत्र्यावर किंवा गच्चीवर रोज संध्याकाळी पाणी मारण्याचा सल्लाही मी देणार नाही, कारण त्यात पाणी जाते आणि स्लॅबला बारीक भेगा असतील तर ओलही खाली उतरते.

दिरांच्या सूचनेमागे खरा अनुभव आहे, म्हणून तिला नीट उत्तर दिले पाहिजे. माळवदाची घरे उन्हाळ्यात गार असत हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. तुळयांवर लाकडी पाटण, त्यावर दीड-दोन वीत मातीचा थर आणि वर पांढरी, अशा छतात दोन गुण एकत्र येत: पांढरी माती ऊन परतवी, आणि खालचा जाड थर उष्णता इतक्या सावकाश खाली सोडी की ती खोलीत पोहोचेपर्यंत रात्र होई आणि लोक अंगणात किंवा माळवदावर झोपायला गेलेले असत. मात्र त्या छताचे ओझे फार मोठे होते. एक फूट जाडीची माती दर चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो भरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे हेच जड माळवद अंगावर कोसळल्यामुळे. आपल्या सासऱ्यांनी ते उतरवले ते शहाणपणाचेच होते. आता माळ्याच्या फळ्या आणि त्यांच्या तुळया केवळ सामान ठेवण्यापुरत्या आहेत. त्यांवर सहा इंच माती टाकली तरी चौरस मीटरला अडीचशे किलो होतील. जो परिणाम मातीने साधायचा, तोच आज दहा किलोपेक्षा कमी वजनाच्या थराने साधता येतो, तेव्हा डोक्यावर पुन्हा ओझे चढवण्याचे कारण उरत नाही. माळवदाकडून घ्यायचे ते पांढऱ्या पृष्ठभागाचे तत्त्व.

त्या पांढऱ्या पृष्ठभागापासूनच सुरुवात करावी. गंजलेला किंवा गडद पत्रा मे महिन्यात भर दुपारी ६० अंशांच्या पलीकडे सहज जातो. ताजा पांढरा थर मात्र पडलेल्या उन्हापैकी ७० ते ८० टक्के ऊन परत पाठवतो. नवा, चकाकणारा जस्ताचा पत्राही गार राहील अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाही. चकाकणारा धातू ऊन बऱ्यापैकी परतवतो हे खरे, पण जी उष्णता तो शोषतो ती आकाशाकडे परत टाकण्यात तो फार मागे पडतो आणि म्हणून तापत जातो. पांढरा रंग दोन्ही कामे चांगली करतो: ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णताही मोकळेपणाने सोडतो. म्हणून तिसऱ्या विक्रेत्याचा सल्ला योग्य आहे. पत्र्यासाठी धातूवर टिकणारा छताचाच पांढरा रंग घ्यावा, आधी गंज घासून प्रायमरचा हात द्यावा, आणि मग दोन हात रंग मारावा. स्लॅबवर, पैसे कमी असतील तर, कळीचा चुना पुरेसा आहे. तो रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंक किंवा रंगकामाचा चिकट द्रव मिसळून संध्याकाळच्या वेळी दोन हात द्यावेत. चुना विरताना उसळतो आणि डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा चष्मा आणि हातमोजे वापरावेत आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. चुना पहिल्या पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा आटोपली की गच्ची झाडून भेगा भरून घ्याव्यात आणि पाडव्याच्या आत चुना मारून मोकळे व्हावे, असा नेम केला तर ते ओझे वाटत नाही. रंग काही वर्षे टिकतो, पण आपल्याकडची धूळ त्याच्यावर बसली की त्याचा गुण उतरतो, त्यामुळे मार्चमध्ये एकदा तो ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

इथे एक गोष्ट विचारायची राहते. पत्रा लोखंडी आहे की सिमेंटचा, हे आपण लिहिलेले नाही. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असण्याची दाट शक्यता धरावी. असा पत्रा घासू नये, कापू नये, त्याला नवी भोके पाडू नयेत, आणि कोरड्या झाडूने झाडूही नये, कारण ते तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी गंभीर आजार होतात. धडधाकट पत्रा ओला करून हलक्या हाताने पुसून त्यावर रंग देणे एवढेच करावे. पुढे मी माळ्यासाठी जो उपाय सांगणार आहे त्यात पत्र्याला हात लावावा लागत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा आहे.

आता माळा. इंटरनेटवर माळ्याच्या उष्णतारोधनाविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक थंड देशांतले असते. तिथे प्रश्न घरातली ऊब वर निसटून जाण्याचा असतो. ब्रिटनमध्ये माळ्यावर तंतूंचा २७० मिलिमीटर जाड थर देण्याची शिफारस आहे, ती त्यासाठी. आपल्याकडे उष्णता उलट दिशेने, म्हणजे वरून खाली येते, आणि त्यामुळे तिच्या वागण्यातही फरक पडतो. माळ्यात अडकलेली गरम हवा हलकी असल्याने आढ्याखालीच तरंगत राहते, ती स्वतःहून खाली उतरत नाही. खाली येते ती मुख्यतः तापलेल्या पत्र्याकडून फळ्यांकडे होणाऱ्या प्रारणातून, म्हणजे उष्णतेच्या किरणांतून. चुलीसमोर बसले की मधली हवा फारशी तापलेली नसतानाही तोंड भाजते, तसाच हा प्रकार. फळ्या त्या झळीने तापतात आणि मग खोलीत बसलेल्यांना तापवतात.

म्हणून माळ्यात दोन कामे करावीत. पहिले काम हवेची वाट. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींमध्ये, जितके उंच जमेल तितके आढ्याजवळ, समोरासमोर झरोके काढावेत आणि वळचणीपाशी खालून हवा आत येईल अशी फट मोकळी ठेवावी. खालून तुलनेने कमी तापलेली हवा आत येते, वरून कढत हवा निघून जाते, आणि यासाठी विजेची गरज लागत नाही. वाऱ्याने फिरणारा गोल टर्बो व्हेंटिलेटरही बसवता येतो, पण त्यासाठी पत्रा कापावा लागतो आणि बसवणाऱ्याचा हात कच्चा असेल तर सप्टेंबरातल्या पावसात तिथूनच गळती सुरू होते. आपल्याकडे वर्षातला जोराचा पाऊस त्याच महिन्यात होतो. दोन झरोक्यांवर भागत असेल तर मी भोक टाळीन. झरोक्यांना पारवे आणि उंदीर अडतील अशी बारीक, मजबूत जाळी आणि पावसाचे पाणी आत न येईल अशी तिरपी झडप हवी. एक गोष्ट इथे नीट ध्यानात ठेवावी: माळा आणि बाहेरची हवा यांच्यात वाट मोकळी हवी, परंतु माळा आणि खालची खोली यांच्यातली प्रत्येक फट बुजवलेली हवी. बऱ्याच घरांत नेमके उलटे असते. झरोके जुन्या पोत्यांनी बुजवलेले आणि फळ्यांमधल्या भेगा मोकळ्या.

दुसरे काम उष्णतारोधक थराचे, आणि तो कोठे द्यावा यावरच बराचसा खर्च आणि परिणाम अवलंबून आहे. माळ्यावर कोणी झोपत असते किंवा काम करत असते तर थर पत्र्याच्या लगेच खाली द्यावा लागला असता. आपला माळा केवळ सामानाचा आहे, तेव्हा तो फळ्यांवरच द्यावा. फळ्यांचे क्षेत्र दोन पाखी पत्र्यापेक्षा कमी असते, थर आडवा अंथरायचा असल्याने त्याला लोंबू न देण्यासाठी वेगळी चौकट लागत नाही, आणि तापलेला भाग घराच्या बाहेरच राहतो. याचा पुरावा आपल्या घरातच आहे. मे महिन्यात दुपारी तीन वाजता खालच्या खोलीतून स्टुलावर उभे राहून फळ्यांना हात लावून पाहावा; जिथे वर गाद्या आणि चादरींचे गठ्ठे आहेत तिथली फळी आणि जिथे वर काहीच नाही तिथली फळी यांत हाताला स्पष्ट फरक जाणवेल. चादरीच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवाच उष्णता अडवते, आणि रॉकवूलही तेच करते. मात्र कापूस आणि सूत पेट घेतात, त्यांत कसर आणि उंदीर होतात, म्हणून गठ्ठ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. रॉकवूल वितळलेल्या दगडाचे तंतू असल्याने ते जळत नाही. ज्या घरात लाकडी फळ्या, जुने वायरिंग आणि चादरींचे गठ्ठे एकत्र आहेत तिथे हा गुण मी सर्वांत वर ठेवतो आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी ते द्यावेत असे माझे मत आहे.

जाडी किती असावी, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. उघड्या पत्र्यातून जेवढी उष्णता येते ती शंभर धरली, तर २५ मिलिमीटर रॉकवूल तिला सुमारे २५ वर आणते, ५० मिलिमीटर १४ वर, ७५ मिलिमीटर दहावर आणि १०० मिलिमीटर आठवर. पहिल्या इंचाने जे मिळते ते पुढच्या तीन इंचांनी मिळून मिळत नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता काढली. तिच्यात छतातून जाणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा दर चौरस मीटर, आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे १.२ वॅट इतकी ठरवली आहे. पत्र्याखाली २५ मिलिमीटर चांगले रॉकवूल असेल तर आपण त्या मर्यादेवर येऊन ठेपतो. मी आपल्याला ५० मिलिमीटर सुचवतो, कारण थर अंथरताना सांध्यांत आणि कोपऱ्यांत जो तोटा होतो तो त्यात भरून निघतो. याहून जाड थरावर पैसे घालण्यापेक्षा ते सांधे नीट बसवण्यावर घालावेत.

हे सांधे किती महत्त्वाचे असतात ते माळ्यावर चढण्याच्या झडपेवरून कळेल. सगळ्या फळ्यांवर उत्तम थर दिला आणि एकूण क्षेत्राच्या केवळ पाच टक्के असलेली झडप तशीच सोडली, तरी खाली येणारी उष्णता जवळपास सव्वापट होते. पुष्कळ घरांत ही झडप विसरली जाते. तिच्या वरच्या बाजूला त्याच जाडीचा तुकडा चिकटवून, वर पातळ प्लायवुड मारून, कडेने रबरी पट्टी लावावी म्हणजे ती घट्ट बसेल.

कामाची पद्धत अशी ठेवावी. आधी सामान खाली उतरवून, न लागणारे काढून टाकावे. मग वायरमनकडून माळ्यावरून गेलेल्या सर्व वायरी तपासून पाइपमध्ये घालून घ्याव्यात, आणि जोड असतील तिथे झाकणाचा डबा बसवून तो थराच्या वर, दिसेल असा ठेवावा. फळ्यांमधल्या भेगा लाकडी पट्ट्यांनी बुजवून वर जाड कापड किंवा क्राफ्ट कागद अंथरावा, म्हणजे तंतू खाली झडणार नाहीत. त्यावर रॉकवूलचे तक्ते एकमेकांना घट्ट भिडवून मांडावेत. शक्य असेल तर २५ मिलिमीटरचे दोन थर घेऊन वरच्या थराचे सांधे खालच्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे मांडावेत. विटकामात गवंडी सांधे मोडतो तसेच. ज्या भागावर पुन्हा सामान ठेवायचे तिथे लाकडी पट्ट्यांवर प्लायवुड टाकावे, कारण दाबले गेलेले रॉकवूल आपली हवा गमावते आणि तिच्याबरोबर गुणही. काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे, मास्क आणि चष्मा वापरावा, त्या तंतूंनी अंगाला खाज सुटते. आणि हे सगळे पत्र्याची गळती पूर्ण थांबल्यानंतरच करावे. भिजलेले रॉकवूल उष्णता अडवत नाही, शिवाय फळ्या कुजवते. माल घेताना त्यावर आयएस ८१८३ हे मानक छापलेले आहे का, जाडी आणि घनता बिलात लिहिली आहे का, हे पाहावे.

पहिल्या विक्रेत्याच्या फॉइलबद्दल. ते निरुपयोगी नाही. वर सांगितल्याप्रमाणे आपल्या माळ्यात उष्णता मुख्यतः प्रारणाने उतरते आणि चकाकणारे ॲल्युमिनियम प्रारण अडवण्यात फार चांगले असते. पण त्याला किमान एक इंच मोकळी हवा समोर लागते. ते दोन वस्तूंमध्ये दाबून बसवले तर त्याचा चकचकीतपणा वाया जातो. शिवाय चकाकणारी बाजू खाली, माळ्याच्या पोकळीकडे असावी. ती वर ठेवली तर काही महिन्यांत धुळीने माखते आणि तिचा गुण जातो. विक्रेते दोन प्रयोग करून दाखवतात. पहिल्यात दिव्याखाली फॉइल धरून पलीकडे हात ठेवायला सांगतात. दिव्याची उष्णता जवळजवळ सगळी प्रारणाचीच असल्याने त्या प्रयोगात फॉइल जिंकणारच. दुसऱ्यात लेझरच्या थर्मामीटरने फॉइलचे तापमान दाखवतात, आणि तो आकडा खोटा असतो. ते यंत्र पृष्ठभागातून निघणारे प्रारण मोजते, फॉइल प्रारण फार कमी सोडते, म्हणून ते तापलेले असले तरी आकडा कमी येतो. फॉइलवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून, पाच मिनिटांनी त्या तुकड्यावर मोजायला सांगावे. चार मिलिमीटरचे फॉइल म्हणजे चार इंच रॉकवूल, असे कोणी सांगितले तर ते मानू नये. रंग, झरोके आणि रॉकवूल झाल्यावर पैसे उरले तर वाशांच्या खालच्या बाजूने फॉइल ताणून लावावे, फायदा होईल. आणखी एक: काही विक्रेते ‘आर’ मूल्य (माल उष्णता किती अडवतो याचे माप) सांगतात ते अमेरिकी मापातले असते. त्याला ५.६८ ने भागले की आपल्याकडच्या मेट्रिक मापातला आकडा मिळतो, आणि मग दोन मालांची तुलना करता येते.

थर्माकोल भरून पीओपी करण्याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ किमतीमुळे नाही. थर्माकोल उष्णता चांगली अडवतो यात शंका नाही. परंतु तो पेट घेतो, दाट विषारी धूर करतो, आणि प्लास्टिकच्या वायरीला टेकून राहिला तर वायरीच्या आवरणातला मऊपणा शोषून घेतो. काही वर्षांत ते आवरण ठिसूळ होऊन तडकते. बंद छताच्या आत, डोळ्यांआड, लाकडाच्या शेजारी असे घडणे मला धोक्याचे वाटते. नुसते पीओपीचे किंवा जिप्समचे छत, वर काहीही न भरता, खोलीला देखणे करते आणि थोडी झळ अडवते, पण ते उष्णतारोधन म्हणून विकत घेऊ नये.

पुढच्या स्लॅबच्या खोल्यांकडे वळतो. चुना किंवा रंग दिल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात रात्रीचा फरक जाणवेल. त्यानंतरचे काम स्लॅबच्या वरून करावे, खालून नाही. खालून थर दिला तर खोली वाचते, पण काँक्रीट तसेच तापत आणि निवत राहते, प्रसरण आणि आकुंचन चालूच राहते आणि भेगा वाढतात. वरून करायचे ते असे: आधी जलरोधक काम, त्यावर ५० मिलिमीटर जाड एक्सपीएसचे (थर्माकोलच्याच जातीच्या, पण दाट फोमचे) तक्ते, त्यावर जाड कापडासारखा थर, वर उताराचे सिमेंट आणि पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक. हेही प्लास्टिकचेच, पण सिमेंटखाली पूर्ण झाकलेले आणि वायरींपासून दूर असते. उघड्या स्लॅबमधून येणारी उष्णता त्याने सुमारे सहाव्या हिश्श्यावर येते. वरच्या सिमेंटचे वजन मात्र चौरस मीटरला शंभर किलोच्या वर भरते, म्हणून स्लॅब किती जाडीचा आहे आणि भार पेलेल का, हे अभियंत्याला दाखवूनच काम सुरू करावे. विटांच्या तुकड्यांचा कोबा गच्चीचा उतार आणि गळती यांसाठी चांगला असतो. उष्णता अडवण्यात त्याची मजल फार नाही, आणि वजन एक्सपीएसच्या कामापेक्षाही जास्त. पुढेमागे गच्चीवर सौरपॅनेल बसवण्याचा विचार असेल तर त्यांच्या सावलीने स्लॅब कमी तापेल, तेव्हा पॅनेलखालच्या भागात हा खर्च वाचू शकेल. पॅनेलचे पाय रोवण्याआधी जलरोधक काम उरकलेले असावे, एवढे सांभाळावे.

हे सारे करूनही एक गोष्ट आपल्याच हातात राहते. उष्णतारोधक थर खोली गार करत नाही. तो फक्त उष्णतेची ये-जा मंद करतो. दिवसभरात माणसे, स्वयंपाक, फ्रिज आणि उघड्या खिडक्या यांच्यामुळे आत आलेली उष्णता रात्री बाहेर काढली नाही, तर तोच थर तिला आत धरून ठेवील. आपल्याकडे मे महिन्यात दिवसाचा पारा चाळिशीपुढे गेला तरी पहाटे तो पंचविशीच्या आसपास उतरतो, आणि हा पंधरा अंशांचा फरक आपली मोठी ठेव आहे. सकाळी दहाच्या सुमारास खिडक्या आणि पडदे बंद करावेत, बाहेरची हवा आतल्याहून गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून पहाटेपर्यंत उघड्या ठेवाव्यात. जाळ्या आणि गज भक्कम असतील तर चोरीची आणि डासांची काळजी राहणार नाही.

सासूबाईंसाठी मात्र कामे पूर्ण होण्याची वाट पाहू नये. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते आणि अंग तापले तरी ते लवकर लक्षात येत नाही. हवा ४० अंशांच्या वर असताना पंखा अंगाला गारवा न देता उलट उष्णता देतो, तेव्हा अशा वेळी पंख्यावर न विसंबता ओल्या पंच्याने हात, मान, पाय पुसावेत आणि त्यांनी मागितले नाही तरी थोड्या-थोड्या वेळाने पाणी, ताक, पन्हे द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल तर ते पाळावे. त्यांना गुंगी आली, बोलणे असंबद्ध झाले किंवा अंग फार तापले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच दवाखान्यात न्यावे. त्यांची खाट दुपारी पुढच्या खोलीत आणि रात्री मागच्या खोलीत हलवावी. पत्र्याच्या खोल्या रात्री लवकर निवतात आणि स्लॅबच्या खोल्या दुपारपर्यंत तुलनेने बऱ्या असतात. यात खर्च काहीच नाही आणि आजपासून करता येते.

काम सुरू करण्याआधी एक वही घालावी. छताच्या खालच्या बाजूचे तापमान दुपारी तीन, रात्री नऊ आणि पहाटे पाच अशा तीन वेळी, दोन्ही बाजूंच्या खोल्यांत, सलग चार दिवस लिहून ठेवावे. साधे लेझर थर्मामीटर शेजारीपाजारी कोणा वायरमनकडे किंवा फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे मिळून जाईल. रंग झाल्यावर पुन्हा चार दिवस, आणि माळ्याचे काम झाल्यावर पुन्हा चार दिवस. मधल्या दिवसांचे ऊन कमी-जास्त असू शकते, म्हणून शेजारी बाहेरच्या सावलीतले तापमानही लिहावे. या आकड्यांवरून स्लॅबवर एक्सपीएसचा खर्च खरोखर करायचा की चुन्यावरच भागते, हे ठरवता येईल. ते आकडे आणि पत्रा लोखंडी आहे की सिमेंटचा याची माहिती मला पाठवावी, म्हणजे स्लॅबच्या कामाबद्दल त्यावरून नेमके लिहिता येईल.